हाताला येणारा दिवा

अक्कांच्या दुकानात जाऊन "एक नऊ वॅटचा बल्ब द्या" असं म्हटलं की बल्ब मिळत नसे, प्रश्न मिळत असे. "कुठं लावायचाय?" आपण म्हणावं, हॉलमध्ये. "हॉलमधी कुठं? भितीला का वर? उघडा का काचेच्या भांड्यात? खाली बसून वाचता का नुसत्या गप्पा हाणता? अन् बदलायला चढणार कोण?" हा शेवटचा प्रश्न त्या चष्म्याच्या वरून बघत विचारायच्या. गिऱ्हाईक इथपर्यंत टिकलं तर त्याला बल्ब मिळायचा, आणि मग कित्येक वर्षं ते पुन्हा दुकानाकडे फिरकायचं नाही. गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणून इतकी खटपट करणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवाला आणि पिठाची गिरणी यांच्यामध्ये हे दुकान होतं. दोन माणसं उभी राहिली की भरायचं. पाटीवर नाव नाही, नुसतं 'बल्ब मिळतील'. अक्कांचं पूर्ण नाव द्वारकाबाई शिंगाडे. माहेर दौलताबादच्या पायथ्याचं, मेंढरांवर चाललेलं घर. शाळा चौथीत सुटली ती मेंढरांमागे जायला लागलं म्हणून. अंगानं लहानखुऱ्या, हातभर हिरव्या बांगड्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आवाज मात्र असा की गिरणी चालू असतानाही पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जावा.

दुकानात दुसरी एक खुर्ची असे आणि तिच्यावर कमरेला पट्टा बांधून मामा बसलेले असत. मामा म्हणजे अक्कांचे यजमान. तीस वर्षं वायरमनची नोकरी केलेले. वादळवाऱ्यात खांबावर चढलेला हा माणूस पडला तो निवृत्तीनंतर, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्टुलावरून, बल्ब बदलताना. कंबर कायमची गेली. मामा स्वतः ही गोष्ट हसत सांगायचे. "अकरा हजाराच्या लायनीनं सोडून दिलं ताई, अन् दीड हाताच्या स्टुलानं धरलं बघा!" सगळे हसायचे. अक्का हसायच्या नाहीत. जो बल्ब बदलताना मामा पडले, त्याच्या खोक्यावर भरपूर वर्षांची हमी छापलेली होती आणि तो चार महिन्यांत गेला होता.

तिथून अक्कांचं डोकं फिरलं, असं गल्लीचं मत. माझं मत, तिथून ते ताळ्यावर आलं. "बल्ब गेला म्हंजे काय होतं, सांगा," त्या मला एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, अंधार होतो. "नाय. अंधाराला काय व्हतंय, मेणबत्ती लावता येती. बल्ब गेला की घरातलं कुणीतरी स्टुलावर चढतं." मी कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवते. इतकी सरळ गोष्ट मला कधी सुचली नव्हती.

मग त्यांनी फळी केली. दुकानाच्या मागच्या भिंतीवर लांबलचक लाकडी फळी, तिच्यावर बारा होल्डर. घाऊक बाजारातून आलेल्या प्रत्येक जातीचे दोन-दोन बल्ब या फळीवर दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत जळत. मामा प्रत्येकाच्या बुडाशी मार्करनं तारीख लिहीत. मध्येच बटण खटाखट बंद-चालू करून बल्बांना छळायचं कामही त्यांचंच. पंधरा-वीस दिवस टिकला तर त्या जातीचा माल दुकानात यायचा, नाहीतर सगळं खोकं परत. "बाजारात मेंढरू घेताना आमचा बाप त्याला चालवून बघायचा," अक्का सांगत. "दात बघ, पाय बघ, चालव, पळव. अन् तुमी शिकलेली माणसं खोक्यावरचं चित्र बघून घेता व्हय?"

ही कोपरखळी मलाच होती, कारण आमची ओळखच तशी झाली. मी ऑनलाइन सेलमध्ये सहा बल्बांचा संच घेतला होता. त्यातला एक आठवड्यात गेला. उरलेले बरे आहेत का, हे विचारायला मी ते अक्कांकडे घेऊन गेले. दुसऱ्याकडून घेतलेला माल तपासायला तिसऱ्याकडे न्यायचा, हा निर्लज्जपणा मास्तरकीत अंगवळणी पडतो. अक्कांनी एक बल्ब तळहातावर घेऊन दोनदा झेलला. "पोकळ हाय. ऊन झाला तर ऊब कुठं सोडंल ह्यो?" मग तो होल्डरात लावला आणि मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरला. पडद्यावर काळे पट्टे सरसर धावत होते. "ह्यो लुकलुकतोय. डोळ्याला दिसत नाय, पण डोक्याला कळतं. तुमचं कपाळ दुखतं का सांजच्याला, पेपर तपासताना?"

दुखायचं. मी आजवर त्याचा दोष मुलांच्या अक्षराला देत होते.

मग त्यांनी गल्ल्याशेजारच्या डबीतून चिमूटभर हळद काढून कागदावर ठेवली आणि आधी माझ्या बल्बाखाली धरली, मग फळीवरच्या एका बल्बाखाली. माझ्या उजेडात ती हळद जुनाट चण्याच्या पिठासारखी दिसत होती. "वॅट कमी हाय म्हणून घेतला असंल तुमी. ताई, वॅट म्हंजे चारा. ल्युमेन म्हंजे उजेड, त्ये दूध. दोन्ही खोक्यावर लिवलेलं असतं. शेळी घेताना चारा किती खाती येवढंच विचारून भागतं का? दूध किती देती ते बी विचारावं की." मी मान डोलावली. त्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणायला लागले.

गिऱ्हाइकाला हवं म्हणून त्यांनी कधी काही दिलं नाही. गल्लीत नव्यानं राहायला आलेलं एक जोडपं चांगला बल्ब मागायला आलं. त्यांच्या बेडरूममधला बल्ब बटण बंद केल्यावरही मिणमिण करत राहायचा. सासूबाईंनी गावाहून येऊन खोलीच्या दाराला लिंबू-मिरची बांधली होती. अक्कांनी बल्ब दिला नाही. "खोट बल्बात नाय, भितीतल्या तारंत हाय. आधी वायरमन न्या." मामांनी समजावलं की बटणानं ताजी, म्हणजे वीज आणणारी तार तुटायला हवी, तुमच्याकडं परतीची तुटत असणार. म्हणजे बटण बंद असलं तरी होल्डर जिवंत. बंद आहे म्हणून कुणी हात घातला असता तर फटका बसला असता. नवरा-बायको पांढरीफटक पडली. दुसऱ्या दिवशी काम झालं की नाही हे बघायला अक्का स्वतः त्यांच्या घरी जाऊन आल्या, आणि दाराचं लिंबू काढून सुनेच्या हातात देत म्हणाल्या, "सरबत करा आता ह्याचं."

अक्कांचा हट्ट गल्लीनं खरा पाहिला तो मात्र निर्मलाकाकूंच्या वेळी.

काकू माझ्या समोरच्या घरात एकट्या राहतात. वय एकोणऐंशी. सासरी पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्णीपण, यजमान सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनीच हे घर बांधलं, उंच छताचं, आणि हॉलच्या मधोमध दुधी काचेचा एक मोठा गोल टांगला. त्या गोलाचं काकूंना कोण कौतुक! त्याच्याच खाली बसून त्या रोज दोन पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात. मुलगा शिरीष पुण्याला. चांगला मुलगा, रोज फोन करणारा. काकू मात्र मोडेन पण वाकणार नाही या बाण्याच्या. कुणाला हाक मारणं हा त्यांच्या लेखी गुन्हा.

त्या गोलातला बल्ब दर दोन-तीन महिन्यांनी जायचा. एकदा मी बदलला, एकदा इस्त्रीवाल्यानं. शेवटी मीच काकूंना अक्कांकडे नेलं. अक्कांनी नेहमीचे सगळे प्रश्न विचारले आणि फळीवर वीस दिवस जळत असलेल्या जातीतला सगळ्यात भारी बल्ब दिला. वर म्हणाल्या, "ह्यो जाणार नाय काकू. माझी जबान हाय."

अडीच महिन्यांत तो गेला.

काकूंनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी विचार केला, अक्कांचा बल्ब जायचा नाही, म्हणजे सैल झाला असणार, घट्ट करावा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची, तिच्यावर पाट, आणि त्याच्यावर काकू. मला धप्प असा आवाज आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. उजवं मनगट मोडलं. खुब्याचं हाड वाचलं, ते नशीब.

शिरीष त्याच दिवशी आला. आरडाओरडा केला नाही. प्लास्टर घातलेल्या आईजवळ बसून शांतपणे म्हणाला, "आई, प्लास्टर निघू दे, हात सुधारू दे. डिसेंबरअखेर मी येतो आणि तुला घेऊन जातो. हे घर बंद करू." काकू हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "वाईट नाहीत गं ती दोघं. सातव्या मजल्यावर खिडकीशी खुर्ची देतील, औषधं वेळेवर देतील. पण मी पाहुणी होईन. मला अजून पाहुणी व्हायचं नाहीये." काकूंच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला शिरीषचा राग आला, जरी चूक त्याची नव्हती.

ही हकिगत अक्कांच्या कानावर गेली त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं. दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून येताना पाहते तो फळीचा अवतार पालटलेला. जुन्या बाजारातून आणलेले दुधी काचेचे चार गोल बारापैकी चार होल्डरांना उलटे टांगलेले, आणि प्रत्येकात एकेक बल्ब कोंडलेला. अक्का तासातासानं एक गोल उतरवून आतल्या बल्बाच्या मानेला फडक्यानं धरून बघत होत्या.

"हात लावा, ताई."

मी लावला आणि झटकन काढला. तव्यासारखा तापला होता. शेजारी उघड्यावर जळणारा तसलाच बल्ब कोमट होता.

"बघितलं? बल्बात सगळं नाजूक सामान ह्या मानंत असतं. मोकळी हवा मिळाली तर वर्षानुवर्षं चालतं. कोंडलं की भाजून मरतं." मग त्या स्टुलावर बसल्या. मामा खाली बघत होते. "मी मेंढरू मोकळ्या रानात चालवून बघितलं अन् काकूला कोंडवाड्यासाठी विकलं. त्या पडल्या त्या माझ्या जबानीवर पडल्या."

"अगं, तुला काय ठाऊक..." मामा म्हणाले.

"ठाऊक नव्हतं तर जबान कशाला दिली?"

तशाच उठून त्या काकूंकडे गेल्या. मी मागोमाग. हॉलच्या दारात उभं राहून, नमस्कार नाही की चमत्कार नाही, "चूक माझी हाय काकू," असं त्या खड्या आवाजात म्हणाल्या. काकू गडबडल्या. कुणी आपली माफी मागावी याची त्यांना सवय नव्हती. "अहो, बसा तरी." अक्का बसल्या नाहीत. "पोराला काय शब्द दिलाय तुमी?" काही नाही, असं कळल्यावर म्हणाल्या, "मग देऊ बी नका. डिसेंबर लांब हाय."

पुढचा महिनाभर फळीवर दुसरं काही चाललं नाही. गोलात कमी वॅटचा बल्ब टिकत होता, पण त्याच्या उजेडात पेपर वाचता येईना. मोठ्या बुडाचा, पूर्ण बंद दिव्यासाठीच बनवलेला एक बल्ब मिळाला, तो तापत नव्हता. मला वाटलं, सुटला प्रश्न. अक्कांना वाटलं नाही. "ह्यो पाच वर्षं जाईल. मग? तवा काकू चौऱ्याऐंशीच्या असतील अन् वर चढतील. गोल काही खाली येणार नाय." मग म्हणाल्या, "जिथं आपला हात पोचत नाय, तिथं दिवा लावायचाच कशाला?"

गोल काढायला काकू अर्थातच तयार नव्हत्या. "ह्यांनी हौसेनं लावलाय तो. मी असेपर्यंत तिथंच राहील."

"राहू द्या की! देवाला तरी रोज कामाला जुंपतो का आपण? बसू द्या वर मानानं. उजेडाचं काम दुसऱ्याला देऊ."

काकूंना हे पटलं. प्लास्टर निघाल्यावर अक्का खडू घेऊन आल्या. काकूंना भिंतीशी उभं केलं, चपला काढायला लावल्या आणि उजवा हात वर करायला सांगितला. हात गेला तिथं भिंतीवर रेघ मारली. मग म्हणाल्या, "आता मनगट फिरवा." मनगट फिरेना. रेघ वीतभर खाली आली. मग आणखी चार बोटं. तिथं मात्र मनगट फिरलं, आणि तिथंच दोन दिवे ठरले, खुर्चीच्या दोन बाजूंना, खालून उघडे. दोन अशासाठी, की एक गेला तरी घर अंधारात जाऊ नये. आपल्याकडचा नेहमीचा होल्डर दाबून फिरवावा लागतो, ते काकूंच्या मनगटाला झेपेना, म्हणून नुसता फिरवून बसणारा आट्यांचा होल्डर आणला. तारेला अक्कांनी हात लावला नाही. "ते शिकलेल्याचं काम." मामांच्या ओळखीचा वायरमन आला, आणि मामा कित्येक महिन्यांनी गल्ली ओलांडून, पट्टा आवळून, काकूंच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढत राहिले. फार खुशीत होते.

आणि मग सुरू झाली शाळा. रोज संध्याकाळी पाच वाजता अक्का पदराखाली एक गेलेला बल्ब घेऊन काकूंकडे हजर. तो दिव्यात लावायचा आणि म्हणायचं, "गेला बघा. बदला." आधी बटण बंद. मग शंभरपर्यंत मोजायचं, बल्ब निवायला. मग जुना काढायचा, खाली ठेवायचा, मगच नवा उचलायचा. पहिल्या आठवड्यात काकूंच्या हातून दोन बल्ब पडले. एकदा त्यांनी चिडून सांगितलं, "अहो द्वारकाबाई, मी मॅट्रिकला गणितात पहिली होते!" अक्का म्हणाल्या, "मग मोजा शंभर." एकही दिवस खाडा झाला नाही. मला तापानं घेरलं त्या आठवड्यातही मी खिडकीतून बघायची, पाच वाजले की गिरणीच्या बाजूनं ती लहानखुरी बाई ताडताड चालत येताना दिसायची. खरं सांगते, माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतकं कुणी केलं नाही, आणि मीही कुणासाठी केलं नाही.

शिरीष ठरल्याप्रमाणे डिसेंबरच्या शेवटी आला. परतीच्या बसच्या दोन सीट काढून आला होता. मी त्याच आठवड्यात मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर नाशिकला जाणार होते, आणि त्या महिन्यातच अक्का गेल्या. दुपारी दुकानात बसल्या बसल्या, मामांना पाणी देता देता. म्हणून त्या संध्याकाळी मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

अक्का पाचलाच आल्या. शिरीष सोफ्यावर, समोर काकूंची अर्धी भरलेली बॅग. "साहेब, पाच मिन्टं," अक्का म्हणाल्या. दोन्ही दिव्यांत गेलेले बल्ब लावले. हॉलमध्ये अंधारून आलं. नवा बल्ब टीपॉयवर ठेवला आणि स्वतः दाराशी जमिनीवर मांडी घालून बसल्या. "काकू, दिवा गेलाय."

काकूंनी बटण बंद केलं. शंभर मोजले, मोठ्यानं. जुना बल्ब काढून खाली ठेवला. नवा उचलून वर नेला. आटे बसेनात. बल्ब तिरका झाला, काकूंनी तो खाली घेतला. पुन्हा लावला, पुन्हा तिरका. शिरीष उठलाच. "आई, दे इकडे..."

"बसा साहेब." आवाज चढला नव्हता, पण शिरीष बसला.

काकूंनी हात खाली घेतला, मनगट झटकलं, पदराला तळवा पुसला. मी आणि शिरीष, दोघांचेही डोळे त्या बल्बावर खिळलेले. माझी नजर सहज अक्कांकडे गेली. त्या बल्बाकडे बघतच नव्हत्या. मान खाली घालून, दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर सावरत, त्या काकूंच्या पायांकडे बघत होत्या. टाचा उचलल्या जातायत का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

तिसऱ्यांदा आटे बसले. काकूंनी सावकाश पीळ दिला, वळून बटण दाबलं, आणि हॉल उजळला. काकू मुलासमोर उभ्या राहिल्या. दम लागला होता, पण वळून खुर्चीचा आधारही घेतला नाही. शिरीष आधी आईकडे, मग त्या दिव्याकडे आणि मग जमिनीवर सपाट टेकलेल्या तिच्या पावलांकडे बघत राहिला. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला.

"एक सीट रद्द करतो, आई," तो म्हणाला.

तेव्हा कुठं अक्कांनी मान वर करून दिव्याकडे पाहिलं.